'इकोसाइड'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: युद्धविरोधी आणि पर्यावरण-न्यायाच्या चळवळींची पत्रके मराठीत आणताना 'इकोसाइड'साठी, म्हणजे माणसांनी केलेल्या पर्यावरणाच्या प्रचंड नाशासाठी, कुणी 'पर्यावरणाचा ऱ्हास' लिहितो, कुणी 'पर्यावरणहत्या', तर कुणी 'पर्यावरणसंहार'. यातला कोणता शब्द घ्यावा?

माझे मत 'पर्यावरणसंहार'ला. 'ऱ्हास' तर नकोच. ऱ्हास होतो, संहार कुणीतरी करतो. आणि हा शब्द घडलाच मुळी त्या 'कुणीतरी'कडे बोट दाखवण्यासाठी.

आर्थर गॅल्स्टन हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ. सोयाबीनला लवकर फुले यावीत म्हणून विद्यार्थी असताना त्यांनी एका रसायनाचा अभ्यास केला. त्याची मात्रा वाढली की पाने गळतात, हेही त्यांना तेव्हाच दिसले. पुढे १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने व्हिएतनामची जंगले आणि पिके उजाड करण्यासाठी सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. त्यातल्या 'एजंट ऑरेंज'मधले डायऑक्सिन हे जहाल विष मातीत राहिले आणि माणसांच्या शरीरातही. गॅल्स्टन या फवारणीविरुद्ध उभे राहिले, आणि १९७० मध्ये त्यांनी 'इकोसाइड' हा शब्द मांडला. नमुना होता कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांचा 'जेनोसाइड' (वंशसंहार), १९४४ मधला. यातला 'साइड' लॅटिन, अर्थ मारणे. 'हर्बिसाइड' म्हणजे तणनाशक, त्यातलाही तोच. हत्यार आणि गुन्हा, दोघांचे शेपूट एकच! मराठीत ही खोच हरवते, त्याला इलाज नाही.

'हत्या' मला तोकडी वाटते. भ्रूणहत्या, आत्महत्या म्हटले की एकच बळी डोळ्यांपुढे येतो. संहारात व्याप्ती आहे, शिवाय 'जेनोसाइड'साठी 'वंशसंहार' रुळलेला असल्याने जोडी जुळते. यावर एक आक्षेप रास्त आहे: पुराणांत दैत्यांचा संहार हे पुण्यकर्म असते. पण 'वंशसंहार' आणि 'नरसंहार' वाचताना ते पुण्य कुणाला आठवते?

शब्द जोडूनच लिहा. 'पर्यावरणीय संहार' लिहिले की नेमका कशाचा संहार, ते संदिग्ध राहते. 'ऱ्हास' मात्र हद्दपार करू नका. जमीन वर्षानुवर्षे हळूहळू खारावते, तिथे तोच शोभतो.

पत्रकांत युद्ध आणि पर्यावरण एकत्र येतात ते ओढूनताणून नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी 'इकोसाइड' हा शब्द युद्धाच्याच संदर्भात वापरला. १९९१ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि इतर वर्णभेदग्रस्त समाजांच्या कार्यकर्त्यांनी पर्यावरण-न्यायाची १७ तत्त्वे मान्य केली. त्यातले पंधरावे थेट लष्करी कब्ज्याला विरोध करते.

भाषांतरात एक काळजी घ्या. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारात पर्यावरणाची गंभीर हानी हा युद्धगुन्हा आहे, पण तो युद्धापुरताच. पर्यावरणसंहार हा तिथे अजून स्वतंत्र गुन्हा नाही. तो करावा असा प्रस्ताव वानुआटू, फिजी आणि सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटदेशांनी २०२४ मध्ये मांडला. व्हिएतनामसारख्या काही देशांच्या कायद्यांत तो आहे. म्हणून 'पर्यावरणसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवा' हे वाक्य बरोबर, 'या आंतरराष्ट्रीय गुन्ह्याखाली खटला भरा' हे चूक.