वाचकांचे प्रश्न : बांध फुटतो, विहीर मात्र कोरडीच

प्रश्न : पुरंदर तालुक्यात आमची उताराची जमीन आहे. वर पडीक माळ, खाली बाजरी. वळवाचा एक दणका बसला की खालचा बांध फुटून माती ओढ्याला जाते, विहिरीचं पाणी मात्र वाढत नाही. एवढं पाणी जातं कुठं? बांध उंच करावा का?

उत्तर : बांध उंच करू नका, काम माळापासून सुरू करा. 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी. माथ्यावर ते पातळ पसरलेलं असतं, खाली येता येता ओघळीत एकवटतं. वेग दुप्पट झाला की माती खरवडण्याचा जोर चौपट होतो. अशा पाण्यापुढे उंच बांध फक्त जास्त पाणी तुंबवून फुटतो.

ओढ्याला लागलेलं पाणी कऱ्हा, नीरा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. अरबी समुद्र त्या मानानं हाकेवर, पण मध्ये सह्याद्री आहे. मुरलेलं पाणी मुरमातून उतरतं आणि काळा पाषाण लागला की फटी शोधतं. फट नसेल तर पाषाणावरून आडवं सरकून ओढ्याकाठी पाझरतं. त्यामुळे चर खोदले की विहीर भरेलच, अशी हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. माती मात्र नक्की थांबेल.

माळावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर काढा : 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल. अशा 100 मीटर चरात 18,000 लिटर पाणी मावतं. दोन ओळींत 10 मीटर अंतर ठेवलं, तर 50 मिलिमीटर पावसातलं एक तृतीयांश पाणी वाहिलं तरी चर ते पेलतो.

आखणी नजरेनं करू नका, इथंच बहुतेक चर फसतात. दोन सारख्या बांबूंची 'ए' आकाराची चौकट बांधा, शेंड्याला दोरीनं दगड लटकवा. चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं लागते तिथं खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समतल. दोरी त्यावर येईल तसतसा पाय पुढे टाकत फक्की मारत जा. वारा असेल तर थांबा.

माती खालच्या अंगाला टाका, पण चराच्या काठापासून 30 सेंटिमीटर सोडून. नाहीतर पहिल्याच पावसात ती परत आत येते. दर 10 मीटरवर थोडी जागा न खोदता ठेवा. आखणी जराशी चुकली तरी सगळं पाणी एका टोकाला धावून चर फुटत नाही.

बाजरीत चर नकोत. तिथं पेरणी उताराला आडवी करा आणि फुटणाऱ्या बांधाला दगडी सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) द्या, बांधाच्या माथ्यापेक्षा किमान 30 सेंटिमीटर खाली. खेकड्यांची बिळं मे महिन्यातच ठोकून बुजवा.