‘हायड्राइडचे ऑक्सिडीकरण’ की ‘ऑक्सिडीकृत हायड्राइड’?

प्रश्न असा आला आहे: “‘मॉलिब्डेनम हायड्राइडचे ऑक्सिडीकरण केले की ते तीव्र आम्ल बनते’ असे वाक्य वाचले. यात ऑक्सिजन तर कुठेच नाही. शिवाय हायड्राइड म्हणजे ऋणभारित हायड्रोजन, मग त्यातून आम्लाचा प्रोटॉन कसा निघेल? वाक्य चुकले आहे का?”

रसायनशास्त्र बरोबर आहे. अडचण त्यातल्या षष्ठीची आहे.

ऑक्सिजनचा मुद्दा लवकर मिटतो. अठराव्या शतकातले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए यांच्या काळात हा शब्द ऑक्सिजनशी होणाऱ्या संयोगापुरता होता. पुढे इलेक्ट्रॉन गमावणे हा त्याचा अर्थ स्थिरावला. मूळ नाव मात्र तसेच राहिले, म्हणून ‘प्राणवायूकरण’ असा अनुवाद येथे करू नये.

‘हायड्राइड’ हा शब्द जास्त फसवा आहे. धातू आणि हायड्रोजन यांच्या बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या नावे मांडायचे, असा संकेत आहे. तो जमाखर्चाचा संकेत झाला, त्यावरून संयुगाची वागणूक कळत नाही. रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर हीबर यांनी १९३१ मध्ये लोखंडाचे कार्बोनिल (कार्बन मोनॉक्साइडचे गट असलेले) हायड्राइड बनवले, ते आम्लधर्मी आहे. कोबाल्ट टेट्राकार्बोनिल हायड्राइड तर पाण्यात तीव्र आम्लासारखे वागते. म्हणजे प्रोटॉन देणे हा या संयुगांचा मूळचाच गुण, ऑक्सिडीकरणाने तो कमालीचा वाढतो.

किती, ते पाहण्यासारखे आहे. सायक्लोपेंटाडायनिल (पाच कार्बनांचे वलय) आणि तीन कार्बोनिल गट असलेले मॉलिब्डेनम हायड्राइड घ्या. अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात त्याचा पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा अंक, जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे १४ आहे. त्यातून एक इलेक्ट्रॉन काढला की धातूभोवती १८ संयुजा इलेक्ट्रॉन असलेले संयुग १७ इलेक्ट्रॉनांचे धनभारित मूलक (एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला कण) होते, आणि त्याचा पीकेए उणे ६ च्या आसपास येतो. वीस एककांचा फरक म्हणजे समतोल स्थिरांकात एकावर वीस शून्ये इतकी वाढ! हे अंदाज टिल्सेट आणि पार्कर या रसायनशास्त्रज्ञांच्या १९९० च्या सुमाराच्या कामातून आले. अशा क्षणभंगुर मूलकाची आम्लता थेट मोजत बसण्याऐवजी त्यांनी विद्युत विभवांचा आधार घेतला. २५ अंश सेल्सिअसला पीकेएचे एक एकक म्हणजे सुमारे ०.०५९ व्होल्ट. हायड्राइडमधून इलेक्ट्रॉन काढायला प्रोटॉन गेलेल्या ऋणायनापेक्षा सव्वा व्होल्टच्या आसपास जास्त विभव लागते, त्यातूनच ही वीस एकके निघतात.

आता ऑक्सिडीकरण अंक (वरच्याच जमाखर्चाने अणूच्या नावे येणारा भार) मांडू. सुरुवातीला मॉलिब्डेनम अधिक २. इलेक्ट्रॉन गेला, झाला अधिक ३. मग हायड्रोजन प्रोटॉन म्हणून निघतो आणि आपल्या नावचे दोन्ही इलेक्ट्रॉन धातूकडे सोडून जातो, म्हणून धातू अधिक १ वर येतो. ऑक्सिडीकरणाने सुरू झालेल्या क्रियेत धातूचा अंक शेवटी आधीपेक्षा खाली! मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

म्हणूनच षष्ठी जपून वापरावी. ‘हायड्राइडचे ऑक्सिडीकरण’ म्हटले की ऋण हायड्रोजनाने इलेक्ट्रॉन गमावले, असे वाचणाऱ्याला वाटते. पहिल्या पायरीवर तसे घडत नाही. इलेक्ट्रॉन अखंड संयुगातून, मुख्यतः धातूच्या बाजूने जातो आणि हायड्रोजन जागेवरच असतो. या अवस्थेसाठी ‘ऑक्सिडीकृत धातू-हायड्राइड संयुग’ हा प्रयोग नेमका आहे. ‘ऑक्सिडीकृत’ हे विशेषण साऱ्या संयुगाला लागते. प्रोटॉन गेल्यानंतर उरते त्याला हायड्राइड म्हणूच नये. ते १७ इलेक्ट्रॉनांचे उदासीन मूलक असते, आणि अशी दोन मूलके जुळून धातू-धातू बंधाचे द्विवारिक (दोन सारख्या भागांचा रेणू) होऊ शकते.

प्रोटॉन दर वेळी सुटतोच असे मात्र नाही. भरगच्च फॉस्फिन (फॉस्फरसयुक्त गट) आणि पाच मेथिल गटांचे सायक्लोपेंटाडायनिल यांनी वेढलेले लोखंडाचे हायड्राइड ऑक्सिडीकृत रूपातही वेगळे काढता आले आहे. निकेल-लोह हायड्रोजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) एका अवस्थेत अधिक ३ निकेल आणि लोह यांच्यामध्ये हायड्राइडचा पूल असतो. तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘मॉलिब्डेनम हायड्राइड संयुगातून एक इलेक्ट्रॉन काढला की ते तीव्र आम्ल बनते.’