जुन्या पेट्रोल जीपला कार्बोरेटर कुठला बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1960 च्या दशकातली महिंद्राची सीजे-3बी, इंजिन अजून पेट्रोलचंच. कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण करून देणारा भाग) गळतो, स्लो धरत नाही, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन बंद पडतं. गॅरेजवाला म्हणतो मारुती जिप्सीचा बसवू, ऑनलाइन सोलेक्स कंपनीचा दिसतोय, आणि गाडी दाजीपूरकडच्या कच्च्या वाटांवर न्यायची आहे. तर घ्यायचा कुठला?

पहिल्यांदा अभिनंदन, कारण आपल्या भागातल्या बहुतेक जीपचं पेट्रोल इंजिन काढून लोकांनी कधीच डिझेल बसवलं. आता उत्तर. आधी आहे त्या कार्बोरेटरची बॉडी तपासून घ्या. ती बाद निघाली तरच सोलेक्स घ्या. जिप्सीचा नको.

बॉनेट उघडून कार्बोरेटर कुठं बसलाय ते बघा. थेट हेडच्या डोक्यावर असेल तर ते हरिकेन इंजिन, आणि मूळ कार्बोरेटर कार्टर वायएफ. सीजे-3बीचं बॉनेट एवढं उंच आहे ते याच उंच इंजिनामुळं. कार्टरमध्ये सगळ्यात आधी झिजतं ते थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) शाफ्टचं भोक. शाफ्ट कडक आणि बॉडी मऊ, त्यामुळं भोक लांबट होतं आणि तिथनं फुकटची हवा आत जाते. मग मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवा, स्लो लागत नाही. शाफ्ट बोटात धरून वर-खाली हलवून बघा, खडखडला की समजा. खात्री करायची तर इंजिन गार असतानाच चालू करून शाफ्टच्या टोकाशी कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथनंच जातेय. गरम सायलेन्सरजवळ हा उद्योग करू नका.

हा दोष असेल तर नवीन काही घ्यायच्या आधी उद्यमनगरात एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडं बॉडी न्या आणि पितळी बुश मारून घ्या. कोल्हापुरात राहायचा हा फायदा आहे, दुसऱ्या गावात या कामासाठी माणूस शोधत फिरावं लागतं. फक्त त्याला एक सांगा: दोन्ही बाजूची भोकं एकाच सेटिंगमध्ये मारायची. जॉब उलटा करून दुसरं भोक मारलं आणि केसभर जरी फरक पडला तरी शाफ्ट अडकतो आणि ॲक्सिलरेटर परत येत नाही. घाटात हे परवडत नाही. फुलपाखराचे, म्हणजे शाफ्टवरच्या गोल चकतीचे, दोन बारके स्क्रू परत लावले की त्यांची टोकं मागनं ठोकून पसरवायची. तो स्क्रू सुटला तर सरळ सिलेंडरमध्येच जातो. त्याच वेळी खालचा फ्लँज (बोल्ट लागतात ती सपाट कड) सरफेस प्लेटवर ठेवून बघा; वर्षानुवर्षं बोल्ट आवळून कान वाकलेले असतात.

बॉडीला तडा असेल किंवा कुणीतरी आधीच आटे मारून वाट लावली असेल, तर मग सोलेक्स. त्यात कार्टरसारखी मीटरिंग रॉडची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या काडीची) भानगड नाही. साधे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे), आटे सोडले की हातात. रानात कचरा अडकला तर झाडाखाली बसून साफ करता येतो. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल, ते मी मान्य करतो.

साइजच्या बाबतीत लोक उगाच मोठ्याच्या मागं लागतात. तुमचं इंजिन 2.2 लिटरचं, चार स्ट्रोकचं. म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा 2.2 लिटर हवा ओढणार. 4000 फेऱ्यांना मिनिटाला झाले 4400 लिटर, तेही सिलेंडर शंभर टक्के भरले तर. प्रत्यक्षात साडेतीन हजाराच्या आसपास धरा. एवढी हवा एक बॅरल, म्हणजे कार्बोरेटरची हवेची एकच नळी, आरामात देतो. त्याहून मोठा व्हेंचुरी (बॅरलमधला अरुंद गळा) लावला तर कमी फेऱ्यांत हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही, आणि दगडांतनं हळूहळू चढवताना गाडी गचके खाते. तुम्हाला तर गाडी तिथंच चालवायची आहे.

जिप्सीचा मी का नको म्हणतो? बसत नाही असं नाही. ॲडॉप्टर करून बसवलेल्या जीप रस्त्यावर पळतात. पण तो दोन बॅरलचा, हजार-तेराशे सीसीच्या जास्त फिरणाऱ्या इंजिनासाठी जमवलेला. त्याचे जेट, व्हॅक्युमच्या नळ्या, सगळं तुमच्या इंजिनासाठी नव्यानं जुळवत बसावं लागणार. शिवाय ॲडॉप्टरमुळं सांधे वाढले, म्हणजे हवा घ्यायला आणखी जागा.

चढ-उताराला खरा प्रश्न फ्लोटच्या वाटीचा, म्हणजे जिथं पेट्रोल साठतं आणि तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो. वाटी व्हेंचुरीच्या पुढं असेल तर चढावर तिच्यातलं पेट्रोल नोझलच्या वर येतं आणि कार्बोरेटर ओव्हर होतो, म्हणजे पेट्रोल उतू जातं. उतारावर उलटं, नोझल कोरडं पडून गाडी बंद. म्हणून विकत घेताना वाटी कुठल्या बाजूला येणार ते विचारा आणि फ्लोटची लेव्हल मापानं लावा, अंदाजानं नको. कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर त्याचं प्रेशर तपासा. मूळ मेकॅनिकल पंप तीन-साडेतीन पौंडांचा. त्याच्या दुप्पट प्रेशरपुढं नीडल वॉल्व (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) टिकत नाही. तुमची गळती कदाचित याचीच असेल.

ऑर्डर देण्याआधी बोल्टमधलं अंतर आणि खालच्या भोकाचा व्यास व्हर्नियरनं मोजा, आणि थ्रॉटलची दांडी कुठल्या बाजूनं ओढली जाते ते बघा. ‘सगळ्या जीपला चालतो’ असं लिहिलेलं असलं तरी. खालचं जाड बेकलाइटचं पॅकिंग फेकू नका. ते हेडची उष्णता अडवतं. नाहीतर एप्रिलमध्ये गाडी बंद करून चहा घेऊन आलात की स्टार्टच होत नाही.

आता पेट्रोलचं. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीत, 20 टक्के. साध्या पेट्रोलला एक किलोमागं 14.7 किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी, चालणार. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: 130 म्हणजे 1.30 मिलिमीटर. तिथं 135 लावला तर भोकाचं क्षेत्रफळ आठेक टक्के वाढतं, आणि जवळपास तेवढंच हवं असतं. जुनी रबरं, पंपाचा डायफ्राम, पाइप मात्र इथेनॉलला चालणारेच घ्या.

सगळं बसल्यावर वाघबीळवरनं पन्हाळ्याचा चढ लोडवर चढवा, वर जाऊन इंजिन बंद करा, गार झाल्यावर प्लग काढून बघा. पांढरे दिसले तर जेट एक नंबर चढवा, काजळी धरली असेल तर एक उतरवा. तांबूस असतील तर हात लावू नका. आणि हे एअर क्लीनर बसवून, त्याच्या वाटीत ऑइल भरूनच करा. क्लीनर काढून लावलेलं सेटिंग क्लीनर बसवल्यावर राहत नाही.