रिकामा ट्रक खडखडतो

प्रश्न: माझा जुना ट्रक जांभ्याचे चिरे भरून नीट जातो, रिकामा परतताना मात्र मागून खडखडतो, आदळतो. शॉकअप बदलले, फरक नाही.
– एक वाचक, देवगड

उत्तर: भाऊ, वजन उतरलं की सैल जागा वाजते. चाकांना दगड लावा आणि टामीने (लोखंडी दांड्याने) शॅकल उचलून पाहा, म्हणजे कमानीचं (पाट्यांच्या स्प्रिंगचं) टोक चॅसीला जोडणारा झुलता दुवा. हलला तर त्याचे बुश-पिन (सांध्यातली खीळ आणि तिचं अस्तर) झिजलेत. कमान अ‍ॅक्सलला (चाकांच्या आसाला) बांधणारा यू-बोल्ट सैल दिसला तर आजच आवळून घ्या. तो सैल राहिला आणि पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला तर फोंडा घाटात जिवावर बेतेल. आदळण्याचं कारण बहुधा गंज. खाऱ्या हवेने पाटे एकमेकांना चिकटतात, मग रिकाम्या गाडीच्या वजनाला कमान दबतच नाही. पाटे खोलून घासा, मध्ये ग्रेफाइट ग्रीस भरा. नुसतं वरून तेल मारू नका, ते आत पोचत नाही.