ऊसतोड कामगारांच्या तळावर गावची आशा काय करू शकते?

आपण विचारले आहे की, ऊसतोडीसाठी बाहेरून आलेली कुटुंबे गावच्या यादीत नसतात, तर गावची आशा (गावातलीच सरकारी आरोग्य स्वयंसेविका) त्यांना काय मदत करणार? मी सांगली जिल्ह्यात गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, आहे, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलेच लिहिते.

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तळावर कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालून राहतात. प्राथमिक आरोग्य केंद्र फार लांब नसते, तरीही बाई तिथपर्यंत पोहोचत नाही. कारण नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एकच जोडी, उचल (आगाऊ रक्कम) दोघांच्या जिवावर घेतलेली, आणि एक दिवस घरी राहिले की मजुरी बुडून वर खाडा (गैरहजेरीचा दंड) कापला जातो. पहाटे फडात गेलेली बाई गाडी भरून परतते तोवर बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो. म्हणून आमच्या आशा दिवेलागणीनंतर तळावर जातात. ही वेळ त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकाची असते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण कार्डाची. गेल्या हंगामात एका कोपीत ९ महिने पूर्ण झालेले बाळ होते आणि माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडच्या पेटीत राहिले होते. आशाने मोबाइलच्या उजेडात बाळाचा डावा दंड पाहिला. बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा, व्रण दिसला. मग आईकडून नंबर घेऊन तिच्या गावच्या आशाला फोन लावला. तिने वही उघडून १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी एकेक करून वाचून दाखवल्या, आपल्या आशाने त्या नव्या कार्डावर उतरवल्या आणि त्याच आठवड्यात बाळाला गोवर-रुबेलाची लस मिळाली. माझ्या मते दोन गावांच्या आशांमधला हा फोन सर्वांत मोलाचा आहे.

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे बाया मुकादमाला (टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराला) किंवा नवऱ्याला सांगत नाहीत. शेजारी बसलेल्या बाईला सांगतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हापासून अशा तक्रारी वेळेवर ऐकून सरकारी दवाखान्यात तपासणी करवून घेण्यावर मी फार भर देते. आशा डॉक्टर नाही, पण पहिल्यांदा दवाखान्यात जाताना ती सोबत असली तर बाई मोकळेपणाने बोलते.

आपल्या शिवारात टोळी उतरली असेल, तर त्याच दिवशी गावच्या आशाला कळवा आणि तळावर कोणी गरोदर बाई आहे का, तेवढे विचारून ठेवा.