इंडोनेशियातलं वाए रेबो हे गाव कसं आहे? तिथे कसं जायचं?

फ्लोरेस बेटावरचं हे मांगाराई लोकांचं गाव सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. खरं वैभव म्हणजे गवताने शाकारलेली सात शंकूच्या आकाराची घरं, म्हणजे म्बारू नियांग. प्रत्येक घरात पाच मजले: खाली राहणं, वर धान्यसामान, त्यावर बियाणं, मग दुष्काळासाठीचा साठा, शेंड्याला पूर्वजांचा नैवेद्य. लाकडं वेताने बांधतात आणि चुलीच्या धुरामुळे छपराला कीड कमी लागते. या घरांच्या जीर्णोद्धाराला २०१२ मध्ये युनेस्कोचा वारसा-जतनासाठीचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच.

गाडीरस्ता गावापर्यंत नाही. पायथ्याच्या देंगे गावाच्या बाजूने दोनतीन तास चढावं लागतं. पावसात वाट निसरडी होते, जळवाही लागतात. पोहोचल्यावर आधी मुख्य घरातला स्वागतविधी, फोटो त्यानंतरच. इथली कॉफी जरूर विकत घ्या.