पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी घालणार असशील तर

भावा, कोईमतूरच्या करी ट्रॅकला, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकला, गाडी चालवतच नेणार म्हणतोयस, मग टायर घासला तरी त्याच टायरवर परत कोल्हापूर गाठायचंय हे आधी डोक्यात घे.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल बदल, ब्रेक पॅड, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणारे तुकडे, नंतर बघू. ऑइल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडचा पावसाळा तुला काय सांगायचा. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० डिग्रीला उकळतं, पण ओल धरली की तोच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, मग उकळून आत वाफ झाली की पेडल थेट खाली जातं, कितीबी दाब, गाडी थांबत नाही. पेडल मऊ लागलं की त्याच लॅपला, म्हणजे फेरीला, पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायच्या जागी) ये, आणखी एक मारू म्हणू नको. पेडल टणक आहे पण गाडी थांबंना, तर पॅड तापलेत. शेवटचा लॅप निवांत मार, ब्रेक न वापरता, आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नको, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लाव.

टायरचं म्हणशील तर पुढच्यांची बाहेरची कडच आधी जाते, त्यातून उजवीकडची वळणं जास्त असली की डावा पुढचा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे त्या कडेवर, हात फिरव, एका बाजूनं करवतीसारखं लागलं की समज घासतोय. टायर गरम असतानाच हवा तपास, तापल्यावर वाढते, जादा असेल ती सोड, पण घरी निघताना परत भर, हे बरेच जण विसरतात. महागडे टायर आत्ता नको, आहेत त्याच्यावरच शिक.